बाळंतिणीला जपणारी चिनी परंपरा दुसऱ्या मुलापाशी चुकते

बाळंतपणाच्या महिन्यात जडलेलं दुखणं पुढच्या महिन्यातच जातं, अशी एक समजूत चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. महिना म्हणजे बाळ झाल्यानंतरचे पहिले तीस-चाळीस दिवस. त्या दिवसांत अंगाला वारा लागला, थंड पाण्यात हात गेले, बाई लवकर उठून कामाला लागली, तर कंबर, सांधे आणि डोकं कायमचं धरतं. मग त्यावर इलाज एकच उरतो: पुन्हा बाळंत व्हायचं आणि तो महिना तरी नीट पाळायचा.

ज्या बाईला दुसऱ्यांदा दिवसच राहत नाहीत, तिच्या बाबतीत हीच समजूत उलटी फिरते. पहिल्या वेळी महिना नीट पाळला नाहीस, म्हणून पोटात थंडी बसली, म्हणून गर्भ धरत नाही, असं तिला ऐकवलं जातं. सासू सांगते, शेजारीण सांगते आणि नाडी बघून वैद्यही पुष्कळदा तेच सांगतो. पहिलं मूल पाच-सहा वर्षांचं झालेलं असतं, बाई पस्तिशीला आलेली असते, आणि तिच्या मनात बसतं की चूक आपलीच झाली.

या परंपरेत दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतून गेल्या आहेत, असं मला वाटतं. एक आहे बाळंतिणीची काळजी: विश्रांती, गरम ताजं अन्न, मदतीला माणूस. ती जगात कुठेही उचलावी इतकी चांगली आहे, आणि तिचं चांगलेपण कळायला यिन, यांग (चिनी वैद्यकातला शरीराचा थंडावा आणि ऊब) किंवा ‘ची’ (जीवनशक्ती) यांतलं काहीही सिद्ध व्हावं लागत नाही. दुसरी गोष्ट आहे निदान: रक्त कमी पडलं, मूत्रपिंडाची शक्ती खालावली, गर्भाशय थंड झालं. हे निदान करून कोणी औषध देणार असेल, तर त्याला इतर प्रत्येक निदानासारखी परीक्षा द्यायलाच हवी. आज पहिल्या गोष्टीच्या पुण्याईवर दुसरी खपते आहे, आणि त्याची किंमत बायका आपल्या आयुष्यातल्या वर्षांनी मोजत आहेत.

आधी काळजीबद्दल बोलू, कारण तिथे शिकण्यासारखं पुष्कळ आहे. या प्रथेला चिनी भाषेत ‘झुओ युएझी’ म्हणतात. तिचा पाया जुना आहे. इ. स. २००च्या सुमारास होऊन गेलेले वैद्य झांग झोंगजिंग यांच्या नावावरच्या ग्रंथात बाळंतिणीच्या पोटदुखीवर मटण, आलं आणि दांग क्वेइ नावाची मुळी यांचा रस्सा सांगितला आहे. तो रस्सा चिनी घरांत थंडीच्या दिवसांत आजही शिजतो. सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ यांनी आपल्या प्रसिद्ध ग्रंथात स्त्रियांचे औषधयोग अगदी सुरुवातीला घेतले आणि बाळंतिणीने शंभर दिवस जपावं, असं लिहून ठेवलं. एका थोर वैद्याने आपल्या ग्रंथात स्त्रियांना आधी जागा द्यावी, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

प्रत्यक्षात महिना प्रांताप्रांतांत वेगवेगळा पाळला जातो. उत्तरेकडे राळ्याची पेज, उकडलेली अंडी आणि लाल साखरेचं गरम पाणी असतं. तैवानमध्ये तिळाच्या तेलात आलं परतून, तांदळाची दारू घालून कोंबडी शिजवतात. दक्षिणेत ग्वांगडोंगमध्ये डुकराचे पाय, आलं आणि अंडी गोडसर व्हिनेगरमध्ये तासन्‌तास मुरवतात, आणि बाळ झाल्याची वर्दी म्हणून त्याचे डबे नातेवाइकांकडे जातात. दूध यावं म्हणून शेंगदाणे घातलेलं डुकराच्या पायांचं सूप. कच्चं, गार आणि फ्रीजमधलं सगळं वर्ज्य. डोक्याला टोपी, पायात मोजे, खिडक्या बंद, केस धुवायचे नाहीत. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, कानाला घट्ट बांधलेला रुमाल आणि सव्वा महिना हे सगळं ज्यांनी घरात पाहिलं आहे, त्यांना यात परकं वाटण्यासारखं फार काही नाही. वारा आणि थंडी यांची भीतीसुद्धा दोन्हीकडे सारखीच.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधा सामाजिक करार आहे. महिनाभर ही बाई राबणार नाही. तिच्यासाठी दुसरं कोणीतरी रांधेल, बाळाचे कपडे धुईल, रात्री एकदा तरी बाळाला घेऊन बसेल. आधुनिक इस्पितळ या बाबतीत फार तोकडं पडतं. नऊ महिने दर काही आठवड्यांनी बाईचं वजन, रक्तदाब, रक्त, सोनोग्राफी होते. बाळ बाहेर आलं की सगळ्यांच्या नजरा बाळाकडे वळतात आणि आईला ‘सहा आठवड्यांनी दाखवायला या’ असं सांगून घरी पाठवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसूतीनंतरच्या काळजीच्या नव्या शिफारशी काढल्या. त्यात पहिल्या सहा आठवड्यांत किमान चार वेळा आईची तपासणी व्हावी आणि तिच्या मनःस्थितीचीही विचारपूस व्हावी, असं म्हटलं आहे. हा काळ आईसाठी धोक्याचा आणि महत्त्वाचा आहे, हे चिनी आज्यांना शिफारशी निघण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

शहरांत एकत्र कुटुंबं मोडली तेव्हा चिनी समाजाने हा महिना सोडून दिला नाही, त्याचा पेशा केला. ‘युएसाओ’ म्हणजे महिनाभर घरी राहून बाळ-बाळंतीण सांभाळणारी बाई. तैवानमध्ये बाळंतिणींची खास केंद्रं आहेत; त्यांना परिचर्या संस्था म्हणून परवाना काढावा लागतो आणि प्रशिक्षित परिचारिका ठेवाव्या लागतात. चीनच्या मोठ्या शहरांत हीच केंद्रं आता पंचतारांकित झाली आहेत. इथे मला एक गोष्ट खुपते. अनेक युएसाओ खेड्यांतून आलेल्या असतात. त्या शहरातल्या बाळंतिणीचा महिना सांभाळतात, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या सुनेचा महिना गावी कोण सांभाळतं? विश्रांती विकत घ्यावी लागते तिथे ती ज्याला परवडते त्यालाच मिळते. म्हणून मी म्हणते की महिना हा बाईचा हक्क म्हणून मिळावा, सेवा म्हणून विकला जाऊ नये.

प्रथेतलं सगळंच जपण्यासारखं नाही, हेही सांगायला हवं. भर उन्हाळ्यात खिडक्या-पंखे बंद करून, रजई पांघरून बाळंतिणीला ठेवल्यामुळे उष्माघाताने मृत्यू झाल्याच्या बातम्या चीनमधून आल्या आहेत. २०१७च्या जुलैमध्ये शानडोंग प्रांतातल्या अशाच एका मृत्यूवर देशभर चर्चा झाली. प्रसूतीनंतर रक्त गोठण्याचा धोका वाढलेला असतो, त्यामुळे महिनाभर अंथरुणाला खिळून राहणं घातक ठरू शकतं. दारू घालून शिजवलेल्या सूपमधला अल्कोहोल आईच्या दुधात उतरतो, हे तैवानमधल्याच संशोधकांनी मोजून दाखवलं. शिवाय महिन्याची सूत्रं कोणाच्या हातात असतात, हाही प्रश्न आहेच. सासूशी पटत असेल तर महिना सुखाचा जातो. पटत नसेल तर बंद खोलीत, केसही न धुता, प्रत्येक घासाबद्दल बोलणी ऐकत काढलेला महिना बाईला मोडून टाकतो. विश्रांती कोणाच्या सोबतीने घ्यायची, हे ठरवण्याचा अधिकार बाळंतिणीकडे असल्याशिवाय तिला विश्रांती म्हणता येत नाही.

आता औषधांकडे येऊ. चिनी वैद्यकाच्या मते बाळंतीण एकाच वेळी रिकामीही असते आणि तुंबलेलीही: रक्त गेल्यामुळे रिकामी, आणि आत उरलेल्या रक्तामुळे तुंबलेली. यावर सर्वांत प्रसिद्ध काढा म्हणजे शेंग हुआ तांग. तो सतराव्या शतकातले शान्शी प्रांतातले वैद्य, चित्रकार आणि सुलेखनकार फू शान यांच्या नावाशी जोडला जातो. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा स्त्रीरोगांवरचा ग्रंथ छापला गेला १८२७ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे दीडशे वर्षांनी. काढ्यात दांग क्वेइ, छुआन शिओंग नावाची मुळी, पीचच्या बिया, भाजून काळपट केलेलं आलं आणि ज्येष्ठमध असतं. गर्भाशय आकुंचन पावावं आणि आतलं रक्त बाहेर पडावं, हा हेतू. त्यामागचं निरीक्षण चुकीचं नाही. गर्भाशय नीट आकुंचन पावलं नाही तर बाई रक्तस्रावाने दगावते, हे कुठल्याही सुईणीला माहीत असतं.

पण काढा घरात आणून ठेवला की तो प्रत्येक बाळंतिणीला दिला जातो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. वारेचा तुकडा आत राहिल्यामुळे रक्त जात असेल, तर काढा पीत घरी थांबणं जिवावर बेतू शकतं. दांग क्वेइ रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरीनचा परिणाम वाढवते. ज्येष्ठमध जास्त झालं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. ज्या बाईला गरोदरपणात रक्तदाबाचा त्रास झाला आहे तिच्या दृष्टीने ही गोष्ट गंभीर आहे. चांगले चिनी वैद्य हे जाणतात आणि आधी इस्पितळातली औषधं कोणती चालू आहेत ते विचारतात. ऑनलाइन पाकीट मागवणाऱ्या घरात मात्र हे विचारायला कोणी नसतं.

यानंतरचा टप्पा दुसऱ्या मुलाचा, आणि माझा खरा वाद तिथे आहे. एकदा दिवस राहून गेल्यानंतर पुढे बारा महिने प्रयत्न करूनही दिवस न राहणं म्हणजे दुय्यम वंध्यत्व. आपल्याकडे एकच मूल होऊन थांबलेल्या बाईला काकवंध्या म्हणत. तिच्याच नावाने बोटं मोडायची सवय आपल्यालाही होती. चिनी वैद्यक याची कारणं मूत्रपिंडाची शक्ती खालावणं, यकृताची ऊर्जा कोंडणं, कफ आणि ओलावा साचणं, रक्त तुंबणं आणि गर्भाशय थंड पडणं अशी सांगतं. फू शान यांच्या त्या ग्रंथात मूल न होण्याचे दहा प्रकार दिले आहेत. त्यात अंगाने कृश असल्यामुळे मूल न होणं आहे, स्थूलपणामुळे न होणं आहे, ओटीपोट बर्फासारखं थंड असल्यामुळे न होणं आहे, आणि मत्सरामुळे न होणंही आहे. दहाही प्रकार बाईच्या शरीरात किंवा स्वभावात शोधलेले. इतर चिनी ग्रंथांत पुरुषाच्या बीजाचा विचार आहे, तो मी नाकारत नाही. पण घराघरांत पोहोचलं ते बाईचं थंड गर्भाशय.

आता खरोखर काय बिघडलेलं असतं ते बघू. समजा, एका बाईला प्रसूतीत प्रचंड रक्तस्राव झाला. ती वाचली, पण तिला दूध आलंच नाही. महिने गेले तरी पाळी आली नाही. सतत थकवा, अंग गार, केस विरळ, रक्तदाब कमी. चिनी वैद्य ही सगळी लक्षणं अतिशय बारकाईने टिपेल आणि सांगेल की रक्त फार गेलं, मूत्रपिंडाचा यांग विझत आला. लक्षणांची ही नोंद अचूक आहे. पण १९३७ साली ब्रिटिश पॅथॉलॉजिस्ट हॅरोल्ड शीहान यांनी दाखवून दिलं की अशा बायकांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून ती मृत झालेली असते. ग्रंथीच नाही म्हटल्यावर थायरॉइडला, अ‍ॅड्रिनलला आणि बीजकोशांना हुकूम द्यायला कोणी उरत नाही. या बाईला आल्याचा रस्सा आणि उष्ण मुळ्या दिल्या तर तिला दोन दिवस बरं वाटेल. पण कॉर्टिसोल हे अ‍ॅड्रिनलमधलं हॉर्मोन मिळालं नाही तर साध्या तापातसुद्धा ती कोसळू शकते. हॉर्मोनच्या गोळ्या सुरू केल्या तर ती वर्षानुवर्षं चांगली जगते, आणि योग्य उपचारांनी काही जणींना पुन्हा दिवसही राहतात.

शीहानचा आजार तसा विरळा. प्रसूतीनंतरचा थायरॉइडचा दाह मात्र साधारण वीस बायकांत एकीला होतो. आधी धडधड आणि चिडचिड, मग काही महिन्यांनी थकवा, केस गळणं, थंडी वाजणं, पाळी अनियमित. घरचे म्हणतात, महिना नीट पाळला नाही. एका रक्ततपासणीत उलगडा होतो.

आणखीही कारणं आहेत. गर्भपातानंतर किंवा वारेचा तुकडा काढण्यासाठी क्युरेटिंग झालं असेल तर गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात. जोसेफ अ‍ॅशरमन यांनी १९४८ साली याचं सविस्तर वर्णन केलं. सिझेरियनच्या व्रणापाशी खोबण पडते, तिथे पाळीचं रक्त साचून राहतं आणि गर्भ रुजायला अडथळा येऊ शकतो. प्रसूतीनंतर जंतुसंसर्ग झाला तर बीजवाहक नळ्या बंद होऊ शकतात, आणि बंद नळी कोणत्याही काढ्याने उघडल्याचं खात्रीलायक उदाहरण माझ्या वाचनात नाही. बाळ अंगावर पीत असेल तर पाळी लांबते, हे तर नैसर्गिकच. वय वाढलेलं असतं. आणि नवरा? त्याला एक मूल आहे म्हणून त्याच्याकडे कोणी पाहतच नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाचाही वाटा असतो. पहिल्या मुलानंतरच्या पाच-सहा वर्षांत त्याला मधुमेह झालेला असतो, वजन वाढलेलं असतं, तंबाखू वाढलेली असते, व्हेरिकोसील (वृषणाच्या शिरा फुगणं) झालेलं असतं. पण थंडी मात्र बायकोच्याच पोटात.

चीनमध्ये या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती लक्षात न घेता तिथल्या बाईवर महिना मोडल्याचा ठपका ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. १९८०पासून २०१५पर्यंत बहुसंख्य शहरी जोडप्यांना एकाच मुलाची मुभा होती. पहिल्या मुलानंतर तांबी बसवून घेणं हा सरकारी शिरस्ता होता. १९८० ते २०१४ या काळात ३२ कोटींहून अधिक तांब्या बसवल्या गेल्याचे सरकारी आकडे सांगतात. याच काळात सिझेरियनही फार वाढली. २००७-०८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने चीनमधल्या निवडक इस्पितळांची पाहणी केली, तेव्हा तिथल्या सुमारे ४६ टक्के प्रसूती सिझेरियन होत्या; २०१४ मध्ये देशभराचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास होतं. मग १ जानेवारी २०१६पासून दुसरं मूल कायदेशीर झालं आणि २०२१ मध्ये तिसऱ्यालाही परवानगी मिळाली. ज्यांनी पंचविशीत दुसऱ्या मुलाची इच्छा दाबून ठेवली होती त्या बायका चाळिशीत, पोटावर जुना व्रण घेऊन, दवाखान्यांच्या रांगेत आल्या. त्यांची सुपीक वर्षं सरकारी धोरणात गेली. नाडी बघून गर्भाशय थंड असल्याचं त्यांना सांगितलं की हा सगळा इतिहास पुसला जातो आणि दोष पुन्हा त्यांच्याच अंगावर येतो.

चिनी वैद्यक या प्रश्नावर गप्प बसलेलं नाही. १९५६ साली बीजिंग, शांघाय, ग्वांगझोऊ आणि चेंगडू इथे पहिली चार सरकारी महाविद्यालयं निघाली आणि आज जे ‘पारंपरिक चिनी वैद्यक’ आपण ओळखतो त्याची अभ्यासक्रमात बांधणी झाली. नानजिंगचे ज्येष्ठ वैद्य शिया ग्वेइचेंग यांनी तर पाळीचे टप्पे पाहून, प्रत्येक टप्प्याला वेगळा काढा देण्याची पद्धत बसवली. तिथल्या बऱ्याच इस्पितळांत चिनी वैद्यकाचे स्त्रीरोगतज्ज्ञ सोनोग्राफी आणि हॉर्मोनच्या तपासण्या सर्रास करून घेतात. परंपरा बदलू शकते, नवं शिकू शकते, याचा हा पुरावा आहे. म्हणून तिला चाचणीची भाषा परकी आहे, हे म्हणणं मला पटत नाही.

आणि चाचण्या झाल्याही आहेत. आधी ॲक्युपंक्चर, म्हणजे अंगात बारीक सुया टोचण्याचा चिनी उपचार घेऊ. २००२ साली जर्मनीत १६० बायकांवर एक अभ्यास झाला. आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर तयार केलेला गर्भ गर्भाशयात सोडण्याच्या उपचारात, गर्भ सोडण्याच्या आधी आणि नंतर सुया टोचलेल्या गटात ४२.५ टक्के बायकांना दिवस राहिले, न टोचलेल्या गटात २६.३ टक्क्यांना. या अभ्यासाने जगभर ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यांना नवं बळ दिलं. पण त्यात तुलनेसाठी खोट्या सुयांचा, म्हणजे खऱ्या उपचाराचा नुसता भास दिलेल्या बायकांचा गट नव्हता. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ८४८ बायकांवर खोट्या सुयांशी तुलना करून पाहिलं, तेव्हा जिवंत बाळ होण्याचं प्रमाण खऱ्या सुयांच्या गटात १८.३ टक्के आणि खोट्या सुयांच्या गटात १७.८ टक्के निघालं, म्हणजे जवळपास सारखंच.

मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चिनी चाचणीबद्दल. हार्बिनच्या चिनी वैद्यक विद्यापीठातले वू शियाओके यांच्या पुढाकाराने चीनमधल्या २१ ठिकाणी, पीसीओएस (बीजकोशांतून बीज नियमित न सुटण्याचा विकार) असलेल्या १००० बायकांवर ती झाली. खऱ्या सुया आणि क्लोमिफीन ही बीज तयार करणारी गोळी मिळालेल्या गटात २९.४ टक्के बायकांना बाळ झालं. खोट्या सुया आणि क्लोमिफीनच्या गटात २८ टक्क्यांना. खऱ्या सुयांबरोबर खोटी गोळी दिलेल्या गटात १३.९ टक्के, आणि दोन्ही खोटं दिलेल्या गटात १६.८ टक्के. काम गोळीने केलं, सुयांनी केलं नाही. ही चाचणी विशिष्ट विकाराच्या बायकांवर होती, दुय्यम वंध्यत्वाच्या सगळ्या कारणांवर नव्हती. पण चिनी वैद्यकाच्याच विद्यापीठाने आपल्याच पद्धतीची एवढी कठोर परीक्षा घेतली आणि न आवडणारा निकाल जगापुढे ठेवला. परंपरेवर खरं प्रेम असलेली माणसं असं वागतात.

काढ्यांबाबत चित्र अधिक धूसर आहे. चिनी भाषेत त्यांच्यावर पुष्कळ अभ्यास आहेत आणि अनेकांत फायदा दिसतो. पण बहुतेक लहान, सदोष पद्धतीचे, आणि दिवस राहिले का एवढंच मोजणारे. बाळ झालं का, हे फार थोड्यांनी मोजलं. चीनमध्ये २०१७पासून लागू झालेल्या कायद्याने प्राचीन ग्रंथांतल्या काही योगांना माणसांवरच्या चाचण्यांशिवाय बाजारात येण्याची वाट मोकळी केली. जुनं आहे म्हणून सुरक्षित आहे, हे गृहीतक त्यामागे आहे. १९९०च्या दशकात ब्रसेल्समधल्या एका दवाखान्यात वजन कमी करायला चिनी वनस्पती घेतलेल्या शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्यामागचं कारण होतं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल. ते असलेल्या वनस्पती शतकानुशतकं वापरात होत्या. वीस वर्षांनी उगवणारा कर्करोग नाडीत दिसत नाही, म्हणून परंपरेलाही तो दिसला नव्हता.

चिनी वैद्यकाचे समर्थक म्हणतात की प्रत्येक बाईला वेगळा काढा असतो, त्यामुळे त्याची अशी चाचणी होऊच शकत नाही. होऊ शकते. वैद्याला हवा तो काढा देऊ द्या, हवा तेव्हा बदलू द्या. चिठ्ठ्या टाकून निम्म्या जोडप्यांना त्याच्याकडे पाठवा, निम्म्यांना नेहमीच्या उपचारांवर ठेवा, आणि दोन वर्षांनी बाळं मोजा. सिद्धांताला हातही न लावता हे करता येतं.

दुसरा युक्तिवाद मला अधिक वजनदार वाटतो. चिनी वैद्य बाईला अर्धा तास देतो. झोप, भूक, पाळीचा रंग, रडू येतं का, सगळं विचारतो. आयव्हीएफच्या दवाखान्यात तिला पाच मिनिटं मिळतात आणि हातात खर्चाचा कागद. दोन्हीकडे जाऊन आलेल्या बायकांकडून मी हे ऐकलं आहे, आणि त्यांच्या बोलण्यातली कृतज्ञता खरी असते. डॉक्टरांनी हे मनाला लावून घ्यायला हवं. पण ऐकून घेणाऱ्या माणसाने अडतिसाव्या वर्षी तीन महिन्यांचा कोर्स द्यावा, मग आणखी तीन, मग थंडीचे दिवस संपेपर्यंत थांबायला सांगावं, आणि तोवर नळ्यांची तपासणीच होऊ नये, हे मी मान्य करू शकत नाही. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासण्या सुरू कराव्यात, असं स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतात, कारण त्या वयात प्रत्येक वर्षाने शक्यता घटते. औषधाने अपाय झाला नाही तरी वर्ष गेलं, आणि ते कुणी परत देत नाही.

मराठी वाचकाने याची चिंता का करावी? कारण महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी कायदा करून स्वतंत्र परिषद स्थापन केली आहे, आणि मूल होण्यासाठी सुयांचे उपचार आता आपल्या शहरांतही मिळतात. अमेरिकेत, सिंगापूरला राहणाऱ्या मराठी मुलींना तर ते कोपऱ्यावर दिसतात. सुया बंद कराव्यात, असं माझं म्हणणं नाही. त्या उपचारांत कोणाला ताण हलका झाल्यासारखा वाटत असेल तर तो अनुभव तिचा आहे. पण परिषदेने एक नियम करावा. नोंदणीकृत चिकित्सकाने वंध्यत्वासाठी उपचार सुरू करण्याआधी बीज तयार होतं का, नळ्या मोकळ्या आहेत का, थायरॉइड ठीक आहे का आणि नवऱ्याचं वीर्य कसं आहे, हे चार अहवाल पाहिलेच पाहिजेत. नसतील तर आधी ते करायला पाठवावं. हाच नियम आयुर्वेदाच्या आणि इतर सर्व दवाखान्यांना लागू व्हावा.

आणि चिनी परंपरेकडून घ्यायचा तो महिना मात्र आपण मनापासून घ्यावा. आपल्याकडे २६ आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा २०१७ मध्ये झाला, पण तो आस्थापनांत नोकरी करणाऱ्यांचा. ऊसतोडीच्या फडावर, बांधकामावर, लोकांच्या घरी धुणीभांडी करायला जाणाऱ्या बायकांना महिना कुठला? आशा ताई प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या भेटी मुख्यतः बाळासाठी आखलेल्या आहेत. बाळाचं वजन, ताप, अंगावर पिणं. त्याच भेटींत आईच्या रक्तस्रावाबद्दल, झोपेबद्दल, रडू येतं का याबद्दल ठरलेले प्रश्न असावेत, आणि त्या जास्तीच्या कामाचा आशा ताईंना जास्तीचा मोबदला मिळावा. भरपूर रक्त गेलेल्या आणि दूध न आलेल्या प्रत्येक बाईचं नाव वेगळ्या यादीत जावं, म्हणजे शीहानचा आजार सात-आठ वर्षं अंधारात राहणार नाही.

दुसऱ्या मुलासाठी थांबलेलं जोडपं मग वैद्याकडे जावो, सुया टोचणाऱ्याकडे जावो की आयव्हीएफच्या दवाखान्यात जावो, पहिली चिठ्ठी नवऱ्याच्या वीर्यतपासणीची निघावी. ती स्वस्त आहे, तिच्यात टोचणं-कापणं काही नाही, अहवाल एक-दोन दिवसांत हातात येतो, आणि जवळच्या तालुक्याच्या गावीही ती बहुतेक ठिकाणी होते.